आमची वाटचाल : नागपुरात टाकीतल्या समुद्री माशांसाठी स्वयंपाक

सक्करदऱ्यात दुकान टाकलं तेव्हा आमच्याकडे गप्पी, गोल्डफिश आणि पेलेटचे डबे, एवढंच. खाऱ्या पाण्याचा नाद लागला तो धरमपेठेतल्या एका डॉक्टरांमुळे. त्यांनी मुंबईहून कॉपरबँड बटरफ्लाय हा समुद्री मासा आणला आणि तो आठ दिवस उपाशी. पेलेट नको, फ्लेक नको. डॉक्टर म्हणाले, "भाऊ, काहीही करा, पण याच्या पोटात काहीतरी जाऊ द्या."

हा मासा लांब चोचीनं खडकाच्या फटीतले किडे टिपणारा. वरून पडणारा दाणा म्हणजे खाणं, हेच त्याला ठाऊक नाही. मी बर्फातल्या तिसऱ्या (खायचे शिंपले) मिळवल्या, एकीचं मांस बारीक चिरून त्याच शिंपल्यात दाबून बसवलं आणि शिंपला दगडांच्या सांदीत ठेवला. पहिल्या दिवशी त्यानं नुसत्या फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांचा फोन आला, "चोच घातली!" मी जेवत होतो, खरकट्या हातानंच स्कूटर काढली. पुढे त्याच शिंपल्यात थोडं थोडं मायसिस, म्हणजे झिंग्यासारखे बारीक जीव, मिसळत गेलो. महिनाभरात तो गोठवलेलं मायसिस पाण्यातूनच टिपू लागला.

तिथून माशांच्या खाण्याच्या गोठवलेल्या वड्यांचा धंदा सुरू झाला, आणि पहिली चूकही तिथेच केली. स्वस्त पडतं म्हणून रोहू आणि नदीचे झिंगे वापरले. मासे खायचे आवडीनं, पण काही महिन्यांत रंग उतरायचा, अंग झडायचं. समुद्री माशांना लागणारं लांब साखळीचं ओमेगा-३ गोड्या पाण्यातल्या मासळीत कमी असतं, आणि त्यांना ते स्वतःच्या अंगात पुरेसं तयार करता येत नाही. हे कळल्यावर उरलेला माल परत घेतला.

आता समुद्री झिंगे, माकूळ, तिसऱ्या आणि बिनमिठाची नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ), एवढंच घालतो. सगळं कच्चं आणि सुरीनंच चिरलेलं. मिक्सरमध्ये त्याचा पार लगदा होतो, मासा खात नाही आणि पाणी मात्र गढूळ. वास सुटावा म्हणून लसणाच्या रसाचे दोन थेंब. काही गिऱ्हाईक त्याला औषध समजतात, तसं ते नव्हे. वडी जमते चायनाग्रासनं, आणि खरी कसरत तिथेच. उकळतं ओतलं तर मांस शिजतं, फार निवलं तर भांड्यातच थिजतं. बोट टेकवून कोमट लागलं की बायको हाक मारते. तिचा अंदाज माझ्या थर्मामीटरपेक्षा बरा आहे. टँग हा शेवाळ खाणारा मासा, त्याच्यासाठी वडीपेक्षा काचेला क्लिपनं लावलेली नोरीची पट्टी बरी.

एका मे महिन्यात रात्रभर लाईट गेली आणि फ्रीजरमधला माल सैल पडला. सगळा फेकला. आठवडाभर मोहल्ल्यातली मांजरं दुकानासमोर बसून होती. पुढच्या महिन्यात इन्व्हर्टर घेतला.

मँडरीन मासा मात्र आम्ही सहसा देत नाही. त्याला दिवसभर जिवंत कोपेपॉड, म्हणजे ठिपक्याएवढे पाणकिडे, लागतात, वडीकडे तो ढुंकूनही पाहत नाही. परवा कॉलेजातला एक पोरगा भांडलाच, "पैसे देतो ना, काहून नाही देत?" त्याला म्हटलं, रात्री दिवे बंद करून काचेवर टॉर्च मार. पांढरे ठिपके, म्हणजे कोपेपॉड, भरपूर पळताना दिसले तर ये.

अजून आलेला नाही.