एकेक हीर काढताना

सुवर्णमहोत्सवाचे निमंत्रण आले तेव्हा शाळेविषयी पुष्कळ लिहिता येईल असे वाटले होते. प्रत्यक्षात लेखणी कार्यानुभवाच्या सरांपाशीच अडली, त्याबद्दल इतर गुरुजनांनी क्षमा करावी.

त्या तासाला इतर तुकड्या कागदी फुले करीत आणि आम्ही पूल बांधीत असू. दोन बाकांमध्ये दीड फुटाचे अंतर, पुलाच्या मध्यावर टांगलेल्या बादलीत मगाने ओतायची वाळू, आणि सामान म्हणून खराट्याचे हीर, रिळाचा दोरा व खळ. गटांना नावे पुण्यातल्या पुलांची: लकडी पूल, डेंगळे पूल, होळकर पूल अशी. हिरांना हात लावण्यापूर्वी पुलाकडून काय हवे आणि कशाची मर्यादा आहे हे वहीत लिहावे लागे. मग तीन निरनिराळ्या आकृत्या काढून त्यांतली एकच का निवडली, हे सांगावे लागे. पूल मोडला की सर एवढेच विचारीत, “कुठून गेला?” चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही, हे त्यांनी फळ्यावर कधीच लिहिले नाही.

एकदा ‘डेंगळे पूल’ गटाचा पूल भरल्या बादलीनेही हलला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांनी मात्र जुन्या बाजारातून आणलेल्या तराजूत तो तोलला आणि पेललेल्या भाराला पुलाच्या वजनाने भागायला सांगितले; त्या भागाकारात तो बराच मागे पडला. मग पुन्हा बादली टांगून त्यांनी त्या गटाला एकेक हीर कापायला लावला. वरचे बरेच हीर गेले तरी काहीच झाले नाही. पण मधला एक आखूड, कुणाच्या नजरेत न भरलेला हीर काढताच शेजारचा लांब हीर धनुष्यासारखा वाकला आणि सारे खाली आले. दाबाखालच्या सडपातळ दांडीला मध्ये आधार देऊन तिची मोकळी लांबी निम्मी केली की ती चौपट भार घेते, हे गणितज्ञ ऑयलरचे १७४४ सालचे सूत्र पुढे शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकताना मला तोच आखूड हीर दिसत होता.

आज मी पुलांचे आराखडे करतो. हाताखाली येणारे हुशार तरुण “कुठून जाईल?” या प्रश्नावर संगणकाचा अहवाल चाळू लागतात, तेव्हा वाईट वाटते. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब या सरकारी योजनेतल्या शालेय प्रयोगशाळांमुळे सहावी ते बारावीच्या मुलांच्या हाती सेन्सर आणि थ्रीडी प्रिंटर आले, याचा आनंदच आहे. परंतु बाजारातल्या तयार संचांत कुठला तुकडा कुठे बसवायचा हेही छापलेले असते, आणि मुलांना करण्यासारखी उरते ती केवळ जुळणी.

शाळेच्या नव्या प्रयोगशाळेसाठी आमच्या तुकडीतर्फे देणगी पाठवीत आहोत. तिच्यातून यंत्रे जरूर घ्यावीत. मात्र वाळू, बादली आणि चांगला तराजू यांसाठी थोडी रक्कम राखावी, आणि या विषयाच्या दोन तासिका जोडून द्याव्यात, कारण मोडलेला पूल त्याच दिवशी पुन्हा बांधायला पस्तीस मिनिटे पुरत नाहीत.