भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी

मी अर्जनवीस. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधक कार्यालयासमोर टिनाच्या शेडखाली माझा टेबल आहे. 22 वर्षं झाली. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, गहाणखत, जे येईल ते लिहितो.

आमचा सीझन मार्च. तोवर कापूस-तुरीचा पैसा हातात आलेला असतो आणि 1 एप्रिलला रेडी रेकनर (जमीन-घरांचे सरकारी दर, ज्यावर स्टॅम्प मोजतात) बदलतो. दोन वर्षं दर हलले नव्हते, म्हणून 2025 मध्ये वाढणारच अशी बोंब त्या जानेवारीपासूनच होती. (वाढलेही.) मार्चात सर्व्हर बसतो, टोकन उलटून जातं, साक्षीदार चहा प्यायला गेलेला सापडत नाही. लोक पैशाची तयारी वर्षभर करतात आणि कागदाची आठवण त्यांना 20 मार्चला होते. त्यातही स्वतःच्याच कागदांची. विकणाऱ्याचे कागद पाहायला हवेत, हे कोणाच्याच डोक्यात नसतं.

म्हणून 2024 च्या दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी एक सिस्टर टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "घर घ्यायचं आहे, फेब्रुवारीत," तेव्हा मी त्यांना जवळजवळ हाकललंच. उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका. नवरा पाच एकर कापूस करतो. बाई रजिस्टर घेऊन आल्या होत्या, लसीकरणाचं असतं तसं रकाने आखलेलं. बँक किती देईल, स्टॅम्प आणि नोंदणी फी खिशातून किती जाईल, सगळं मांडलेलं. यंदाचा कापूस व्यापाऱ्याला रोखीनं द्यायचा नाही, पैसा खात्यातच आला पाहिजे, हेही नवऱ्याला बजावून झालं होतं. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, हे मी लोकांना सांगून थकलो. पिशवी घेऊन येतातच. या बाईंना सांगावं लागलं नाही.

एकट्या बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांकात 1 टक्का सवलत आहे, 2021 पासून. नवरा फुरंगटला, "कापूस माहा अन् नाव तिचं?" सौदा 14 लाखांचा, म्हणजे 14 हजार वाचणार, आणि नोंदणी फी बरोबर तेवढीच. मी हे सांगितल्यावर म्हणाला, "मंग लिहा."

आता विकणारा. नागपूरला नोकरीत स्थायिक झालेला भाऊ. आखीव पत्रिका (जागेचा मालकी उतारा) काढली तर त्यावर अजून बापाचंच नाव. आईबाप दोघंही गेलेले, मागे हा आणि तीन बहिणी. म्हणजे चार सारखे वाटे. तो म्हणाला, "पोरींचं काही नाही हो, त्या सह्या करून देतात." हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. बहिणी भाऊबीजेला येणारच होत्या. भाऊबीज रविवारी होती, हक्कसोडीला (वारसानं आपला वाटा सोडल्याचा दस्त) सोमवार 4 नोव्हेंबर ठरला. हक्कसोडीचा 200 रुपयांचा स्टॅम्प नुकताच 500 चा झाला होता, भावाला ते वरचे 300 रुपयेही टोचले. बहिणींना खरेदीखतातच विकणाऱ्या म्हणून घेता आलं असतं. पण हक्कसोड केली की नंतर चार माणसं गोळा करायची कटकट नाही. ती मीच सुचवली. वारसफेरफाराला (उताऱ्यावर वारसांची नावं चढवायला) नोटीस, मुदत, चकरा लागतात. वेळ हाती होता आणि वेळेआधी काम उरकतंय याचा मला आनंदच झाला होता.

सोमवारी तिघी आल्या. मोठ्या दोघी नव्या लुगड्यात, धाकटी साध्या साडीत. नोंदणी अधिकारी आत "दस्त कबूल आहे का?" विचारतात, म्हणून मी बाहेर एकदा दस्त वाचून दाखवतो. वाचून झालं. धाकटी म्हणाली, "घर दादाच्या नावावर कराचं, इतलंच ना?" मी म्हटलं, "हाव." मग तिनं विचारलं, "अन् विकलं त कितीत जाईन, भाऊ?"

सौद्याची ईसारपावती माझ्याच हातची. खणात होती. मी म्हणालो, "ते मले कसं माहीत, बाई?"

एका पक्षाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, असा आमचा रिवाज आहे. पण रिवाज पाळायचा होता तर गप्प बसता आलं असतं.

पलीकडे बाकावर सिस्टर रजिस्टर घेऊन बसल्या होत्या. आजचं काम त्यांचं नव्हतं, फक्त पार पडतंय ना ते पाहायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चौदा लाखांत. मीच घेतेय."

भावानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच बोललो. चौघं बाहेर लिंबाखाली गेली. तासभर. आवाज फक्त भावाचा येत होता. परतल्यावर मोठी म्हणाली, "मले माहेर पाह्यजे, पैसे नाही." मधलीनं नुसती मान हलवली. माहेरचं घर तर विकलंच चाललं होतं, पण तो हिशेब मी कोण सांगणारा. धाकटी म्हणाली, "मी नाही करत सही."

दस्त फाडला, दोघींचा नवा लिहिला. डेटा एन्ट्री पुन्हा, टोकन पुन्हा. साडेपाचला नोंदला. भावानं माझी फी टेबलावर फेकली.

सिस्टरांच्या रजिस्टरात त्याच संध्याकाळी एक रकाना वाढला. विकणारे दोन, चेक दोन: साडेदहा लाख आणि साडेतीन लाख. बँकेचा वकील खूश, कारण असा स्वच्छ कागद त्याला क्वचित मिळतो. हाच दस्त मार्चात असता तर लिंबाखाली जायला कोणाला तास मिळाला असता? मीच म्हटलं असतं, ताई, अंगठा ठेवा, मागं रांग आहे.

फेब्रुवारीत खरेदी 40 मिनिटांत झाली. सिस्टर पेढे घेऊन आल्या होत्या. भाऊ माझ्याशी बोलला नाही. धाकटी खुर्चीवर बसली, अंगठा टेकवला आणि हळूच म्हणाली, "तवा तुमाले माहीत होतं ना, भाऊ?"

मी म्हणालो, "कॅमेऱ्याकडे पाहा."