रोज एक, पडताळून घेतलेलं

सोमवार

गेल्या वर्षीची एक कोरी डायरी कपाटात सापडली, तेव्हापासून रात्री झोपण्याआधी तिच्यात त्या दिवशी कळलेली एक नवी गोष्ट लिहिते. मोठी नव्हे. घरातली, रस्त्यावरची, रोज हाताखालून जाणारी. अट एवढीच की मोबाइलवर आलेलं जसंच्या तसं उतरवायचं नाही. आधी करून बघायचं, करून बघता येण्यासारखं नसेल तर पुस्तकात शोधायचं, मगच शाई खर्च करायची. फॉरवर्ड होऊन आलेली गोष्ट दुपारच्या चहापर्यंत डोक्यातून जाते. स्वतः पडताळलेली मात्र अंगात मुरते, आणि मग ती वस्तू पुन्हा हातात आली की आपला हात क्षणभर थांबतो. मला तो क्षण फार मोलाचा वाटतो.

आज पेनाचं टोपण. बॉलपेनच्या टोपणाला वरच्या टोकाशी भोक असतं. मुलं टोपण तोंडात धरतात; ते चुकून श्वासनलिकेत अडकलं, तर त्या भोकातून थोडी तरी हवा जात राहावी, हा त्याचा उद्देश. यासाठी आंतरराष्ट्रीय मानकही ठरवलेलं आहे. नणंदेचा मुलगा सुट्टीला नाशिकहून आलाय. त्यानं घरातली सगळी पेनं जेवणाच्या टेबलावर ओतली आणि एकेका टोपणातून फुंकर मारून पाहिली. ज्यांतून हवा गेली नाही ती वरच्या फळीवर ठेवली. खालच्या मजल्यावरचं बाळ आता रांगत आपल्याकडे येतं.

मंगळवार

शाळेत जिभेचा नकाशा काढायला लागायचा. शेंड्याला गोड, कडांना खारट-आंबट, मागे कडू. भाच्यालाही तो माहीत होता. आज चार वाट्या मांडल्या: साखरेचं पाणी, मिठाचं पाणी, लिंबू, कारल्याचा रस. त्याचे डोळे बांधले, कापसाच्या काडीनं जिभेवर एकेक थेंब टेकवत गेले. कारलं शेंड्यावर लावलं तरी तोंड वाकडं, साखर मागे लावली तरी ‘गोड!’ मग त्यानं माझे डोळे बांधले. तेच.

1901 साली हॅनिग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं जिभेच्या निरनिराळ्या भागांत चव कळण्यातला किंचित फरक मोजला होता. फरक होता, पण अगदी थोडा. पुढे 1942 साली बोरिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या पुस्तकातल्या आलेखावरून लोकांचा असा समज झाला की एका भागाला एकच चव कळते, आणि त्याचा नकाशा झाला. जीभ तर प्रत्येकाच्या तोंडात आहे, चिमूटभर मीठ प्रत्येक घरात आहे, तरी तो नकाशा इतकी वर्षं छापला गेला. मला याचं खरंच नवल वाटतं, आणि थोडं वाईटही.

बुधवार, एकादशी

निर्जला एकादशी. आईंना (सासूबाईंना) आता डॉक्टरांनी निर्जला करू दिली नाही, म्हणून साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, राजगिऱ्याचा लाडू, उकडलेलं रताळं असा साग्रसंगीत उपास झाला.

ताट समोर आलं आणि भाच्याला म्हटलं, यातलं आपल्या मातीतलं काय ते दाखव. बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या बाजूचा. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचा. मिरची मेक्सिकोकडची. रताळं तिकडचंच. आपण लाडवाला वापरतो तो राजगिराही मध्य अमेरिकेत हजारो वर्षं पिकवला जायचा. आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, तोही दक्षिण अमेरिकेतला. कोलंबस 1492 मध्ये तिकडे पोचला, त्यानंतर ही सगळी मंडळी, बरीचशी पोर्तुगीजांच्या जहाजांतून, आपल्याकडे उतरली. खिचडीतून हे सगळं उचललं तर तूप, जिरं, मीठ आणि खोबरं एवढंच उरतं.

साबुदाणा हे धान्य नाही, हे मी आधीच करून पाहिलं होतं. एका वाटीत मटकी, एका वाटीत साबुदाणा, दोन्ही भिजवून ओल्या फडक्यात बांधले. सेव-उसळीच्या या बडोद्यात मटकी-वाटाणे भिजत घालणं हातवळणीचंच. मटकीला दुसऱ्या दिवशी लांब मोड आले. साबुदाणा फुगला, चिकट झाला, आंबूस वास सुटला. मोडाचा पत्ता नाही. येणार कुठून? तो बीच नव्हे. कसाव्याचा कंद किसून धुतात, पाण्याच्या तळाशी बसलेल्या पांढऱ्या सत्त्वाच्या गोळ्या वळतात, त्या तापलेल्या तव्यांवर भाजून वाळवतात. आपल्याकडे हा उद्योग मुख्यतः तमिळनाडूत सेलमच्या आसपास आहे.

आई सगळं शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “आमची आजी एकादशीला शिंगाड्याचीच खीर करायची. बटाटा तिच्या स्वयंपाकघरात नसायचाच.” आणि लगेच पुढच्या एकादशीचा बेत ठरला: वरी (शेजारच्या बेन तिला मोरैयो म्हणतात), शिंगाडा, सुरण, खजूर, केळं, दूध, तिखटाला मिरचीऐवजी मिरी आणि आलं. आईंनी दुपारीच वाण्याला फोन करून शिंगाड्याचं पीठ ताजं आहे का विचारलं.

गुरुवार

राजगिऱ्याबद्दल माझीच खात्री होईना, म्हणून मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत गेले. पुस्तक मिळालं, शंका फिटली. पण आजची ओळ पुस्तकातली नाही. तिथे पुस्तकांच्या कपाटांमधून चालताना भाचा खाली बघत उभाच राहिला. “मामी, जमीन काचेची आहे!” जाड, धुरकट काचेच्या लाद्या. वरच्या मजल्यावरचा उजेड खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांपर्यंत झिरपावा म्हणून तसं केलेलं. दिव्याशिवाय पुस्तकाच्या पाठीवरचं नाव वाचता यावं, याचा विचार ज्यानं केला त्याच्याबद्दल मनापासून आदर वाटला.

सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळेतून शिकून बाहेर पडलेल्यानं पुढे वाचायचं काय? म्हणून 1910 मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. या गावात राहून हे आम्ही अनेकदा ऐकलं आहे. पायाखालची काच मात्र भाच्यानं दाखवली.

कुकरबद्दल: शिट्टी झाल्यावर आच मोठी ठेवली तरी वरण लवकर शिजत नाही. कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी 100 ऐवजी साधारण 120 अंशांना उकळतं, आणि शिट्टी दाबाला त्यापुढे जाऊ देत नाही. जास्तीचा गॅस वाफ बाहेर फेकण्यातच जातो. दोन्ही आचांवर तेवढ्याच वेळात तीच तूरडाळ शिजवून बघितली, दोन्ही सारख्याच मऊ.

शुक्रवार

आजचं ज्याची मी वाट बघत होते ते.

घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर आला, असं आपण धरून चालतो. बडोद्यात तसं नाही. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरून ठरते. ती 1906 मध्ये आली. मुंबई तर 1955 पर्यंत आपली वेगळी, 39 मिनिटं मागची वेळ धरून होती. बडोदा साधारण 73.2 अंशांवर. फरक 9.3 अंशांचा, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात. भाच्यानं गुणाकार केला: 37 मिनिटं. सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा मागेपुढे होतो, म्हणून या दिवसांत त्यातून दोन वजा करायची. म्हणजे आपली खरी दुपार 12 वाजून 35 मिनिटांनी.

यापुढची गोष्ट आणखी सुंदर. कर्कवृत्त अहमदाबादच्या उत्तरेकडून जातं, आणि बडोदा त्याच्या दक्षिणेला आहे. म्हणून वर्षातून दोनदा, जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, सूर्य इथे बरोबर माथ्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच जाते. पुण्या-मुंबईला हे मे महिन्यात होऊन गेलं. ग्वाल्हेरच्या आत्याबाईंकडे कधीच होत नाही, त्या कर्कवृत्ताच्या पलीकडे.

गच्ची इतकी तापलेली की आधी दोन बादल्या पाणी ओतलं. शेजारच्या इमारतीचं काम चालू आहे, तिथल्या गवंडीभाईंकडे पाणसळ (सपाटी तपासायची) आणि ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) मागितला. कशाला हवा ते सांगितलं तर ते स्वतःच जेवणाचा डबा बाजूला ठेवून वर आले. त्यांनी पाट ठेवला, एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारला, पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणला. पाटावर सरळ बाजूंचा स्टीलचा डबा. बाजूला काठीवरून ओळंबा सोडला.

बारा वाजता डब्याच्या पश्चिमेला बोटभर सावली होती. सव्वाबाराला नखाएवढी. ओळंब्याच्या दोरीची सावली पाटावर एक बारीक रेघ होती, ती आखूड होत होत वजनाच्या सावलीकडे सरकत होती. आम्ही तिघंही उकिडवे बसून बघत होतो, कुणी बोलत नव्हतं. 12.35 ला रेघ संपली. वजनाच्या बरोबर खाली एक गोल काळा ठिपका, बस. डब्याभोवती चारी बाजूंनी लख्ख ऊन. भाच्यानं दोन्ही हात वर करून स्वतःच्या पायाशी पाहिलं.

गवंडीभाई मोबाइलमधल्या वेळेकडे बघत म्हणाले, “तो साचा बार केटला वाग्ये?” (मग खरे बारा किती वाजता?) मी म्हटलं, हेच, आत्ता वाजले. ते बराच वेळ ओळंबा हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, गावाकडे घराची दिशा काढताना आम्ही घड्याळात बारा वाजता काठीची सावली धरायचो. मी त्यांना सांगितलं की उत्तर दिशा हवी असेल तर काठीची सावली दिवसात सर्वांत आखूड होते तेव्हाची धरायची, घड्याळ बघायचंच नाही. आणि हिवाळ्यात धरायची, कारण तेव्हा सावली लांब पडते आणि रेघ नीट आखता येते. त्यांनी ते मान हलवून पक्कं करून घेतलं.

शनिवार, वटपौर्णिमा

गल्लीच्या टोकाच्या वडाशी सकाळपासून गर्दी. मराठी बायका, गुजराती बायका, सूत, आंबे, पंखे. पूजा करून आले आणि येताना खाली पडलेलं एक लाल फळ आणि फांदीवरचं एक हिरवं फळ घेऊन आले.

वडाला फूल कधी पाहिलंय का? आईंना विचारलं तर म्हणाल्या, नाही, वडाला फळच येतं. उंबराचं फूल तर आपल्याकडे न दिसण्यासाठीच प्रसिद्ध आहे. फुलं असतात, शेकड्यांनी असतात, पण आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आत. हिरवं फळ ब्लेडनं उभं चिरलं आणि आईंचं पेपर वाचायचं भिंग वर धरलं. आतली पोकळी, आणि तिच्या भिंतीला सगळीकडून आत तोंड करून दाटीनं उभी असलेली इवलीइवली फुलं. देठाच्या विरुद्ध टोकाला खवल्यांनी झाकलेलं एक बारीक दार.

त्या दारातून एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरते. दार इतकं अरुंद की शिरताना तिचे पंख तुटतात. ती आत अंडी घालते, सोबत आणलेले परागकण फुलांना लागतात, आणि ती तिथेच मरते. पुढे आत जन्मलेल्या नरांना पंखच नसतात. ते बाहेर जायचा बोगदा पोखरतात, आणि माद्या नव्या फुलांचे पराग घेऊन त्यातून उडून दुसरा वड शोधतात. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. ही माशी नाही तर वडाला बी नाही, आणि वड नसेल तर माशीला घर नाही.

लाल फळ उघडलं तर बियांच्या गर्दीतून तिळाहून बारीक दोन-तीन काळे जीव चालत बाहेर आले. भाच्यानं श्वास रोखून धरला, उडून जातील म्हणून. एक खरंच उडाला.

आई एकदम गंभीर झाल्या. “मग अंजीर? अंजीरही याच जातीचं ना?” उपासाला अंजीर खाल्लेलं त्यांना आठवलं असणार. प्रश्न रास्त होता, म्हणून जेवणं बाजूला ठेवून आधी पुस्तक काढलं. अंजिराच्या काही जातींना माशी लागते, पण आपल्याकडे पुण्याच्या बाजूला होतं ते अंजीर परागण न होताच धरतं. आईंनी ते पान स्वतः भिंगातून वाचलं, खाली शेजारच्या बेनना हाक मारली आणि वडाचं चिरलेलं फळ, भिंग आणि सगळी हकीकत त्यांच्या हवाली केली.