कूलरची तिसरी तक्रार

‘तेवीस वर्षं पर्सोनेलमध्ये काढलीत, मग कामगारांच्या मनातलं तुम्हाला आधी कळत कसं नव्हतं?’ नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतल्या नव्या एचआरच्या पोरींपासून सकाळी फुटाळा तलावावर फिरायला येणाऱ्या काकांपर्यंत सगळ्यांचं हे विचारून झालंय. आजवर हसून टाळलं.

आधी माझी बाजू. कळायची सोय होती. २०१० पासून वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती बंधनकारक झाली. आमची समिती नुसती नोटीस बोर्डावर नव्हती. सहा जण, तीन व्यवस्थापनाचे, तीन कामगारांचे, अध्यक्षपद वर्षाआड इकडून तिकडे. लेखी अर्ज आला की ४५ दिवसांत निकाल. नव्या औद्योगिक संबंध संहितेत ही मुदत ३० दिवस झाली आहे, मग जमेल का, असं तुम्ही पोरी घाबरून विचारता. जमेल हो. आमचे बरेच अर्ज पंधरवड्यात निकाली निघत. मुदतीनं माझं कधीच काही अडलं नाही.

आता ते प्रकरण. २०१३ चा उन्हाळा. प्रेस शॉपमधले एक जुने ऑपरेटर, त्यांना नुसतं भाऊ म्हणते. एप्रिलमध्ये त्यांचा अर्ज आला : ‘वॉटर कूलर पूर्वीच्या जागी ठेवण्यात यावा.’ एवढंच. पूर्वीची जागा म्हणजे मुतारीच्या भिंतीलगत. पिण्याचं पाणी मुतारीपासून सहा मीटरच्या आत नको, असं तेव्हाच्या फॅक्टरी अ‍ॅक्टचं कलम १८ सांगायचं. म्हणून आम्हीच मार्चमध्ये कूलर हलवून सुपरवायझरच्या काचेच्या केबिनपाशी नेला होता. समितीनं टेप लावून अंतर मोजलं, पाणी गार आहे का पाहिलं, अर्ज निकाली काढला. कामगारांच्या तिन्ही प्रतिनिधींनी सह्या केल्या.

पंधरा दिवसांनी दुसरा अर्ज. मजकूर तोच, अक्षर मात्र शाळकरी मुलीचं, गोल गोल, वर ‘महोदया’. मी कलमाचा आकडा टाकून उत्तर दिलं. मग तिसरा. त्याच्या समासात मी पेन्सिलनं लिहिलं : सवयीचे तक्रारदार. या दोन अर्जांच्या मधेच सुपरवायझरचा रिपोर्ट आला होता, की हा माणूस वारंवार मशीनवर नसतो, तारखा आणि मिनिटं सोबत. मेमो मीच टाईप करवला, सही माझीच. दोन्ही फायली एकाच टेबलावर होत्या, मधे फार तर हातभर अंतर.

२३ मेला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. त्याच आठवड्यात पहिल्या पाळीत भाऊ मशीनपाशी पोट धरून खाली बसले ते उठलेच नाहीत. मुतखडा. मी दवाखान्यात गेले तेव्हा त्यांची बायको स्टुलावर बसून रुमालाची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. म्हणाली, “डाक्टरनं भरपूर पाणी प्यायले सांगतलं होतं जी. पण कंपनीत हे पाणीच पेत नव्हते. पाणी पेलं का लघवीले जा लागते, आन् तो काचातून पाहून वहीत लिहिते.”

कूलरपाशी उभं राहिलं की काचेतून दिसायचं. कोण किती वेळा पाणी प्यायला आला आणि तिथून कुठं गेला. जुन्या जागी ते दिसत नव्हतं. तिन्ही अर्जांचा अर्थ एवढाच होता.

“मग मला सांगायचं ना भाऊ,” मी म्हटलं. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “बाईमाणसाले कसं सांगू मॅडम, का मले घडीघडी जा लागते म्हणून? पोरं तं आधीच हासून राहिले होते.”

यावर मला चटकन बोलता आलं नाही. कारण शॉप फ्लोअरवर बायकांसाठी सोयच नव्हती, ती ऑफिसच्या इमारतीत. राउंड असेल त्या दिवशी सकाळी नऊपासून मी पाण्याचा घोट घेत नसे. वर्षानुवर्षं. आणि ही बाब मी एकाही साहेबाला कधी लिहून दिली नव्हती. मग हा माणूस मला लिहून देईल असं मी कशावरून धरून चालले होते?

तरीही माझ्यातली जुनी अधिकारी गप्प बसत नाही. ती म्हणते, मी मनकवडी होते का? कागदावर कूलर लिहाल तर मी कूलरच बघणार. सुपरवायझरही अगदीच खोटा नव्हता. पाण्याच्या नावानं खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, घोटत बसणारे होतेच, आणि प्रेसवरचा एक माणूस हलला की पुढची लाईन बसते. ती वही ठेवायला मीच त्याला तोंडी होकार दिला होता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिला माझं उत्तर इतकंच, की कूलर तरी धड कुठं बघितलास? टेप लावून अंतर मोजलंस, तिथं उभी राहून एक ग्लास पाणी प्यायली असतीस तर काच दिसली असती. यावर ती म्हणते, दिसली असती, तरी वही बंद केली असतीस का? इथं आमचं भांडण अडतं.

वही पुढे बंद झाली, ती सुपरवायझरची बदली झाली म्हणून. मेमो मागे घ्यायला प्लांट हेडची सही लागायची. मी एकदा विचारलं, ते म्हणाले बघू, मी पुन्हा विचारलं नाही. पुढच्या एप्रिलच्या आढाव्यात माझ्याच स्लाइडवर होतं : प्रेस शॉप, तक्रारी शून्य. साहेबांनी नाव घेऊन कौतुक केलं आणि मला, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

भाऊ त्यानंतर चार वर्षं तिथेच होते. गेटवर भेटले की “बऱ्या आहात ना मॅडम?” म्हणायचे. मी हो म्हणायचे. तुमचा त्रास आता कसा आहे, हे मात्र मी त्यांना कधीच विचारलं नाही. बाईमाणसानं ते कसं विचारायचं, असं मला वाटायचं.