जोडीचे पडदे

खिडकीला एकच पडदा लागला असता तर मी आज समाधानी माणूस असतो. पण पडदे लागतात दोन, आणि दोन म्हटले की ते सारखे दिसायला हवेत. कापड बांधून रंगवणाऱ्याची गाठ इथे जोडीशी असते.

टी-शर्टाचं बरं असतं. तो एकटा. निळं वर्तुळ पोटावर यायचं ते खांद्यावर सरकलं, तरी ‘असंच करायचं होतं’ म्हणून मोकळं होता येतं. पण उशीचे अभ्रे, खुर्च्यांच्या गाद्या, पडदे ही घरातली जोडीजोडीनं राहणारी मंडळी. एक हसरा आणि एक रडका अभ्रा शेजारी ठेवला की बघणाऱ्याला आधी फरक दिसतो, रंग मागाहून.

पहिला पडदा रंगवायला घेतला तेव्हा हे काही डोक्यात नव्हतं. कापड सुती घेतलं होतं, एवढं शहाणपण होतं. ते नीट धुऊनही घेतलं, कारण नव्या कापडातली खळ गेली नाही तर पाणी वर मोत्यांसारखं बसून राहतं आणि रंगही तसाच बाहेर ताटकळतो. मग धुण्याचा सोडा. खाण्याचा नव्हे, धुण्याचा. या दोन भावांच्या नावात सारखेपणा आहे, पण रंग बसवायला लागतो तो थोरला, सोडियम कार्बोनेट. त्याचं पाणी बोटांना बुळबुळीत लागतं आणि कातडीला चांगलं नसतं. हातमोजे घाला, असं पुडीवर लिहिलेलं असतं. मी ते वाचलंही होतं.

रंग पक्का करायला मीठ टाक, व्हिनेगर टाक, असे सल्ले भेटेल तो देतो. व्हिनेगर हे आम्ल. लोकर आणि रेशमाच्या रंगांना ते मानवतं, सुतावरच्या या रंगांना उलट अल्कली लागते. मीठ रंगाला धाग्याकडे ढकलतं, बांधत मात्र नाही. बांधण्याचं काम सोड्याचं. हे रिअ‍ॅक्टिव्ह रंग 1956 साली ब्रिटनमध्ये बाजारात आले. त्याआधी घरी वापरायचे सोपे रंग सुताला नुसते चिकटून असत, दर धुण्याला थोडे थोडे निघून जात. भाडेकरूच ते. नवे रंग धाग्याशी रासायनिक बंधच जोडतात, म्हणजे थेट घरजावई. गार पाण्यात धुवा, गरम पाण्यात धुवा, हलायचं नाव नाही.

पण या जावयाची एक खोड मला उशिरा कळली. सोडा पडला की तो धाग्यासाठी थांबत नाही, नुसत्या पाण्याशीही सोयरीक जमवतो, आणि एकदा पाण्याचा झाला की कापडाच्या कामाचा राहत नाही. सोडा घातलेला रंग काही तासांतच मरतो. दिसायला तसाच गडद निळा, पण आतून खलास. मी पहिला पडदा चुण्या घालून, सुतळीनं आवळून बादलीत बुडवला, रात्रभर ठेवला, आणि उरलेला रंग ‘तोच वापरला की तीच छटा येईल’ अशा हिशोबानं दुसऱ्या पडद्यासाठी जपून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुसरा पडदा त्याच बादलीत, तितकाच वेळ.

पहिला निघाला भर पावसाळी आभाळासारखा. दुसरा निघाला त्या आभाळाच्या फोटोची झेरॉक्स.

“बाबा, हा छान आहे,” मुलगी म्हणाली, “तो दुसरा आजारी आहे का?”

मग मी थोरामोठ्यांचं पाहायला गेलो. कच्छच्या बांधणीत हजारो ठिपके एकसारखे येतात ते कसे? कारागीर बोटाच्या वाढवलेल्या नखानं कापडाचा कणभर चिमटा वर उचलतात आणि त्याभोवती दोऱ्याचे वेढे आवळतात. प्रत्येक ठिपक्याला गाठ मारून दोरा तोडत बसत नाहीत. तोच दोरा पुढच्या ठिपक्याकडे जातो. म्हणून रंगून वाळल्यावर कापड आडवं ताणलं की दोरे तटातटा सुटत जातात. बांधणी अस्सल आहे हे दाखवायला कधी कधी ती न सोडता, दोऱ्यांसकटच विकतात. चुरगळलेला, काट्याकाट्यांचा गोळा हातात येतो आणि आतलं नक्षीकाम आपण विश्वासावर घ्यायचं. मला हे फार आवडतं.

पण माझ्या कामाची गोष्ट पुढेच होती. बांधणीचं कापड बहुधा चौपदरी घडी करून बांधतात. एका गाठीत चारही पदर, त्यामुळे एका ठिपक्याचे चार होतात आणि नक्षी चारही कोपऱ्यांत जुळते. हे वाचलं आणि मनाशी खूणगाठ बांधली : दोन्ही पडदे एकावर एक ठेवायचे, एकच घडी, एकच गाठ, एकच बादली. जुळे होणार नाहीत तर काय होईल?

चार पदर बांधतात ते कापड तलम असतं, हे मी वाचलं होतं. त्याचा अर्थ कळायला बादली लागली. माझं कापड जाड. घडी झाल्यावर ती उशीएवढी झाली, आणि रंग बाहेरच्या पडद्यानं सगळा पिऊन टाकला. आतल्याच्या वाट्याला कडांवर निळसर धूर आला, मधे पांढरं वाळवंट. बरं, गाठी मी सुरगाठी मारल्या होत्या. भिजून ताणल्यावर त्या सगळ्या निरगाठी झाल्या. कात्री लावताना पडद्याला एक भोकही पडलं. बाहेरच्याच.

मधल्या काळात एकट्यानं राहणाऱ्या वस्तूंवर सूड उगवला. टेबलाचा रुमाल काळा केला. पुडीतला काळा हा बहुधा एक रंग नसतोच, तीन-चार रंगांचा मेळ असतो, आणि ते सगळे कापडात सारख्या वेगानं चालत नाहीत. बांधलेल्या जागेच्या तोंडाशी कुणी पुढे पळतो, कुणी मागे रेंगाळतो. त्यामुळे काळ्याच्या काठाला जांभळी, हिरवट, कुठे तांबूस किनार उमटली. मी काहीच न करता रुमाल सुंदर झाला. अभ्र्यांचं कापड सुती, पण शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा निघाला. त्याला हा रंग घेताच येत नाही. गडद अभ्र्यावर चारी बाजूंनी पांढरी स्वच्छ टीप राहिली. पाहुणे विचारतात, ही शिवण मुद्दाम केली का? मी हो म्हणतो.

जपानमध्ये या कलेला शिबोरी म्हणतात, पिळणं-आवळणं या अर्थाच्या क्रियापदावरून. त्यातला एक प्रकार असा : कापड खांबाला तिरकं गुंडाळायचं, वरून दोरा फिरवत न्यायचा, मग सगळं रेटून खाली एकवटायचं. उमटतात त्या तिरक्या रेघा, वाऱ्यानं झोडपलेल्या पावसासारख्या. नाव आराशी, म्हणजे वादळ. किती धूर्त नाव. वादळाची जोडी कोण मागणार?

तिसऱ्या वेळी मी शाळेतल्या प्रयोगासारखा वागलो. दोन बादल्या. पाणी मोजून, रंग तोलून, सोडा तोलून. चुण्या पट्टीनं आखून, दर चार बोटांवर एक बांध. एक पडदा मी सकाळी बांधला, दुसरा संध्याकाळी मुलीच्या मदतीनं. हातमोजे घातले. दुसऱ्या दिवशी बांधलेलेच गोळे गार पाण्याखाली धरले. आधी काळंनिळं पाणी, मग आकाशी, मग जवळजवळ नितळ. सुतळी कापली तरी चुण्या लगेच सुटत नव्हत्या, एकमेकींना धरून होत्या. नखानं एकेक मोकळी केली. बांधाच्या जागी कापड अजून आक्रसलेलं, पांढऱ्या रेषेच्या दोन्ही अंगांनी निळं बारीक बारीक दातेरी होत गेलेलं.

दोन्ही दोरीवर घातले. रंग तोच. रेषा तितक्याच. पण माझ्या बांधांच्या रेषा जाड, पसरट. मुलीच्या बारीक, करकचून आवळलेल्या. सकाळच्या हाताचा पडदा आणि संध्याकाळच्या हातांचा पडदा, लांबूनही ओळखू येतात.

“आता हा आजारी आहे,” ती म्हणाली. माझ्याकडे बोट होतं.

पडदे लावले. मग एक गंमत लक्षात आली. ते बाजूला सारून ठेवले की कापड पुन्हा चुण्यांमध्ये गोळा होतं, रेषा घडीत जातात, आणि दोघेही अगदी सख्खे दिसतात. फरक कळतो तो ओढून घेतल्यावरच.

म्हणून आमच्या त्या खिडकीचे पडदे उघडेच असतात. सकाळी ऊन थेट तोंडावर येतं, रविवारीसुद्धा. कूस बदलून झोपतो.