तुम्ही विचारलंत म्हणून : चांगला फॅमिली वकील कुठे मिळेल?

मी ठाण्याच्या कोर्टात स्टेनो होते हे कळलं, की लोक आवाज खाली आणतात आणि विचारतात, “काकू, एखादा चांगला फॅमिली वकील माहितीये का? भाचीसाठी हवाय.” भाची दर वेळी असतेच असं नाही. नौपाड्यात भाजी घेताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि एकदा दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असतानाच विचारलं होतं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा लिहूनच काढते.

नाव मी देत नाही, राग मानू नका. एकीची पोटगी भांडून मिळवून देणारा वकील दुसरीच्या सरळ सहमतीच्या अर्जाचंही भांडण करून ठेवतो. शिवाय ओळखीचा वकील हवा हा हट्टच मला पटत नाही. वडिलांच्या फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट ज्यांनी केलं, सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचे कागद जे बघतात, त्यांच्याकडेच घटस्फोटाचं काम न्यायचं, कारण ‘घरचेच आहेत’. घरचे असतात म्हणूनच ते जावयालाही ओळखत असतात. आणि वकिलावर अशिलाची गोष्ट गुप्त ठेवायचं कायद्याचं बंधन आहे. ज्या मामांनी ओळख करून दिली, त्यांच्यावर नाही.

मग ओळखायचं कसं? माझं उत्तर एकच आहे. पहिल्या भेटीत वकील काय सांगतो याकडे फार लक्ष देऊ नका, तो काय विचारतो ते ऐका.

लग्न कुठे झालं, शेवटचं एकत्र कुठे राहिलात, आज मुलगी कुठे राहते, हे त्याने विचारलंच पाहिजे, कारण हिंदू विवाह कायद्यात अर्ज कोणत्या कोर्टात करायचा ते त्यावर ठरतं. २००३ पासून पत्नीला ती राहते तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो. म्हणजे पुण्यात सासर असलेली आणि आता ऐरोलीत आईकडे राहणारी मुलगी तारखांना पुण्याला खेटे घालत बसायला बांधील नाही. लग्न वैदिक पद्धतीने झालं की १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली, हेही विचारायला हवं. वेगळे कधीपासून राहता? परस्पर संमतीने घटस्फोट हवा तर अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. फ्लॅट कुणाच्या नावावर आहे, हप्ता कुणाच्या खात्यातून जातो, मूल कुणाकडे आहे, शाळेची फी कोण भरतं? हे प्रश्न न विचारताच जो पाचव्या मिनिटाला “चारशे अठ्ठ्याण्णव टाकू, डीव्ही टाकू, बघा कसे सरळ येतात” म्हणतो, त्याच्याकडून चहा पिऊन उठा. (डीव्ही म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराची केस. चारशे अठ्ठ्याण्णव ‘अ’ म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं कलम; ते आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं आहे, पण कोर्ट नाक्यावर जुना आकडाच चालतो.) खरोखर मारहाण होत असेल तर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायलाच हवा आणि लवकर करायला हवा, त्यात माझं दुमत नाही. समोरच्याला जेरीस आणायला केस टाकणं हा वेगळा धंदा आहे. त्या जेरीत दोन्ही बाजूंची वर्षं जातात, आणि मूल तोवर दहावीला पोचतं.

सहमतीच्या बाबतीत “महिन्याभरात करून देतो” म्हणणाऱ्यापासूनही जपून. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचा नियम आहे. ते थांबणं माफ करता येतं असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं, पण सरसकट नाही. दोघं आधीच पुरेसा काळ वेगळे राहिलेले हवेत, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत, आणि पोटगी, मुलाचा ताबा हे सगळं मिटलेलं हवं. तरीही शेवटी ते न्यायाधीशांच्या हातात. चांगला वकील हे “बघू, अर्ज करू” अशा भाषेत सांगतो.

पोटगीचा विषय निघाला की माणूस लगेच कळतो. २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागतात. इतर कुठे पोटगी मागितली किंवा मिळाली असेल तर तेही सांगावं लागतं. आता जो तुम्हाला म्हणतो, “मुलीची नोकरी दाखवू नका” किंवा मुलाच्या बाजूने “पगार कमी लिहू”, तो तुमच्याकडून शपथेवर खोटं लिहून घेतोय. सही तुमची असते. उलटतपासणीत घाम फुटतो तोही तुम्हालाच. सॅलरी स्लिप आणि बँकेची स्टेटमेंटं स्वतःहून मागणारा वकील मला फार आवडायचा. त्याचे अर्ज टाइप करायला सोपे असायचे, त्यात विशेषणं कमी आणि तारखा जास्त.

फी किती असावी हे मी सांगणार नाही, पण कशी असावी ते सांगते. टप्पे पाडून, लेखी, पावतीसकट. प्रत्येक तारखेला पैसे घेणाऱ्याला तारीख पडल्याचं दुःख का व्हावं? पोटगीच्या रकमेत टक्का मागितला तर सरळ नाही म्हणा. निकालावर ठरणारी फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. आणि मुलीच्या बाजूने अर्ज असेल तर कोर्ट फीच्या नावाखाली मोठी रक्कम सांगितली तर कशाची ते विचारा. महाराष्ट्रात घटस्फोट, पोटगी अशा प्रकरणांत स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे.

फोर्टातल्या मोठ्या नावाचं फार कौतुक असतं लोकांना. ठाण्यात किंवा बेलापूरला तारखेला प्रत्यक्ष कोण उभं राहणार, तेवढं विचारून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर वकिलाच्या नावाने शोधता येतं. तो तुमच्या कोर्टात नेहमी दिसतो का, हे घरबसल्या कळतं. कौटुंबिक न्यायालयात तर कायद्यानेच वकील हा तुमचा हक्क नाही, न्यायालयाच्या परवानगीने तो उभा राहतो. समेटाचा प्रयत्न आधी होतो, आणि समुपदेशकांसमोर बोलायचं ते नवराबायकोनेच. त्यामुळे पहिल्या भेटीला मुलीला स्वतः बोलू द्या. आई-वडील बोलतात आणि मुलगी खिडकीबाहेर बघते, अशा वेळी थांबून “तुम्हाला काय हवंय?” असं तिला विचारणारा वकील मिळाला, तर पुढचं काही बघू नका.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो. ‘फुकटचा वकील’ म्हणून नाक मुरडू नका, तिथून आलेल्या काही वकील मुली फार मन लावून काम करताना मी पाहिल्या आहेत.

आणि नाहीच जमलं तर वकील बदलता येतो. आधीच्याची फी राहिली असेल तर ती द्यावी, हे वेगळं; पण फीसाठी तो तुमचे कागद अडवून ठेवू शकत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच तसं सांगितलं आहे. नवं वकीलपत्र देण्याआधी जुन्याकडून ना-हरकत घ्या आणि अख्खी फाइल मागा. मूळ कागद मात्र आधीपासूनच घरच्या कपाटात ठेवा. वकिलाला झेरॉक्स पुरते, मूळ कोर्टात दाखवायच्या दिवशी न्यायचे.