गच्चीवरच्या छत्र्या उतरवल्या तेव्हा

२०१५ साल संपत आलं तेव्हा आमच्या गच्चीवर डिश अँटेनाच्या पाच छत्र्या होत्या आणि जिन्याखालच्या खोलीत हेडएंड, म्हणजे छत्र्यांवर आलेली चॅनेलं गावभरच्या तारेत सोडायची जागा: डिकोडरची रांग, मोड्युलेटर आणि रात्रंदिवस घरघरणारा टेबलफॅन. तालुक्याच्या गावातला केबलवाला म्हणून माझा सगळा संसार त्या खोलीवर चालला. वर्षातून एकदा मुख्य पोस्टात ५०० रुपये भरून नोंदणी नवी करायची आणि करमणूक कर भरायचा, सरकारशी संबंध तेवढाच.

मग सरकारने केबल डिजिटल करायला लावली, घरोघरी सेट-टॉप बॉक्स. या डिजिटायझेशनच्या तिसऱ्या टप्प्यात नगरपालिकांची गावं आली. मुदत ३१ डिसेंबर २०१५. बॉक्स बसवले की सुटलो, असं मी धरून चाललो होतो. आता सिग्नल एमएसओकडून, म्हणजे आमच्यासारख्या केबलवाल्यांना तो पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीकडून घ्यायचा होता. तिचा करार हातात आला तर तांत्रिक भाग दोन पानांत आटोपलेला, बाकी सगळी पानं तारेतून जाणारा माल कोणाचा यावर. मग वकील गाठला.

ॲनालॉगमध्ये पे चॅनेलंही आमच्या डिकोडरपासून पुढे उघडीच, कुलूप न लावता, जायची. घरं किती, हे आम्ही सांगू तेवढंच चॅनेलवाल्यांना कळायचं आणि त्यावरच पैसे ठरायचे. खरा आकडा सांगणारा केबलवाला मला तरी भेटला नाही, मीही त्यातलाच. वर शेजारच्या गावातल्या मित्राला माझ्या हेडएंडवरून तार ओढून दिली होती, निव्वळ मैत्रीखात्यात. वकिलांनी १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३७ उघडलं. सिनेमाचा हक्क निर्मात्याचा, पण तो दाखवणाऱ्या चॅनेलचा आपल्या प्रक्षेपणावर वेगळा हक्क असतो, २५ वर्षांचा. परवान्याशिवाय ते पुढे दिलं की भंग. "तुमची मैत्री या कलमात बसत नाही," ते म्हणाले. मित्राची तार त्याच आठवड्यात तोडली. तो महिनाभर बोलला नाही.

खरी रड झाली लोकल चॅनेलची. रोज रात्री नऊला आमचा सिनेमा असायचा, भाड्याच्या डीव्हीडीवरून. लोक घरातच बसून बघतात, मग यात जाहीर काय, हा माझा मुद्दा. त्यावर वकिलांनी गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलिलिंक हा खटला काढला. घरोघरी केबलवर सिनेमा दाखवणं म्हणजे जनतेपर्यंत पोचवणंच, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९८९मध्येच म्हणून ठेवलं होतं!

मी हार मानली नाही. सिनेमाचा कॉपीराइट ६० वर्षांचा, मग प्रभातचा १९३६चा 'संत तुकाराम' लावू की. अभंग तर तुकोबांचेच. वकील हसले. "'आधी बीज एकले' कोणाचं?" मी म्हटलं, तुकोबांचं. ते शांताराम आठवल्यांनी त्या सिनेमासाठी लिहिलेलं आहे, आणि गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं चालतो. इतकी वर्षं मी ते पारायणाच्या भक्तीने ऐकत होतो. एमएसओने तर लेखी हक्कपत्राशिवाय एकही सिनेमा घ्यायला नकार दिला. नऊचा सिनेमा बंद झाला. गणपतीची मिरवणूक आणि पालिकेची सभा तेवढी राहिली.

मग फॉर्म. ग्राहकाचं नाव, पत्ता, सही, आणि बॉक्सच्या पोटाखालच्या स्टिकरवरचा नंबर. इतका बारीक, की मी मोबाईलच्या उजेडात वाचायचा आणि मुलाने लिहायचा. एक आकडा चुकला की बॉक्स चालू होत नाही आणि काकूंची मालिका बुडते. "तुमची ती जुनी वायरच बरी होती," हे दारोदार ऐकलं.

शेवटी एमएसओच्या पोराने सगळे फॉर्म संगणकात चढवले आणि बेरीज दाखवली. ११४३. माझी घरं नेमकी किती, हे मलाही पहिल्यांदाच कळलं.

"काका, गेल्या वर्षी किती दाखवली होती?" त्याने सहज विचारलं.

मी दोन चहा सांगितले.